राखीव बॅटरी आणि मावशींचं अचलपूर

दिव्याच्या फळ्यामागे दोन बॅटऱ्या बसवलेल्या होत्या. वर्षभरात त्यांची गरज फार तर आठ-दहा वेळा पडली असेल. एरवी फळा विजेवर चालायचा. वीज गेली की मी मागचं बटण खाली ओढायचो आणि फळा बॅटरीवर जायचा. बॅटऱ्या आहेत एवढं मला ठाऊक होतं. त्या कशा आहेत, याची चौकशी मी कधी केली नव्हती.

मी तेव्हा अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो. साठ साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. वडील बडनेऱ्याला रेल्वेत, मजुरांच्या गँगमध्ये खलाशी होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा मी अमरावतीच्या कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकत होतो. बी.एस्सी. झाल्याचं कळलं त्या दिवशी वडिलांनी कामावरच्या सगळ्या गँगला गूळ-शेंगदाणे वाटले आणि घरी येऊन आईला विचारलं, "पण हा आता नेमका काय झाला?" आईलाही सांगता आलं नाही. मलाही नीट सांगता आलं नाही. मात्र आपल्याला जे मिळालं ते दुसऱ्या कोणाला तरी द्यायचं, एवढं मनात पक्कं होतं. म्हणून मुख्याध्यापकांनी प्रौढांचा साक्षरता वर्ग घ्याल का असं विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

वर्ग संध्याकाळी सहा ते साडेसात शाळेच्याच एका खोलीत भरायचा. बाजार उठला की माणसं यायची. हमाल, एक शिंपी, एक पानठेलेवाला, भाजी विकणाऱ्या तीन-चार बायका. पहिल्याच आठवड्यात एक अडचण माझ्या ध्यानात आली. ही माणसं अक्षर चुकायला भीत नव्हती. चुकलं हे माझ्या तोंडून ऐकायला त्यांना जड जात होतं. मी तेवीस वर्षांचा, आणि समोरचा माणूस पन्नाशीचा. मी "नाही, हे तसं नाही" म्हटलं की तो पाटी खाली ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी यायचाच नाही.

कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात प्रदर्शनासाठी आमच्या सरांनी एक खेळ केला होता. प्लायवूडच्या फळीवर डावीकडे दहा प्रश्न, उजवीकडे दहा उत्तरं. प्रत्येकापुढे पितळी स्क्रू. हातात दोन तारा, त्यांच्या टोकांना खिळे. एक खिळा प्रश्नाच्या स्क्रूला लावायचा, दुसरा उत्तराच्या. उत्तर बरोबर असलं की वरचा लहान दिवा लागतो. प्रत्येक प्रश्नाचा स्क्रू मागून तारेने आपल्या उत्तराला जोडलेला असतो, एवढंच त्यातलं रहस्य. मी तसाच फळा वर्गासाठी केला. डावीकडे चित्रं, उजवीकडे शब्द. घर, बैल, विळा, भाकर. दर आठवड्याला कागद बदलायचे आणि मागच्या तारांची प्रश्नांकडची टोकंही फिरवायची, नाहीतर माणसं शब्द न वाचता जागाच पाठ करतात.

फळा आला आणि वर्ग बदलला. दिवा लागला की माणूस हसायचा. नाही लागला तर मुकाट्याने खिळा दुसरीकडे न्यायचा. कोणी कोणाला काही बोलत नव्हतं. मी खुशीत येऊन एक वाक्य रोज म्हणायला लागलो, "माणूस चुकेल, दिवा खोटं बोलणार नाही." ते वाक्य वर्गाला इतकं आवडलं की माझ्याआधी तेच म्हणू लागले.

वर्गातल्या सगळ्यांत हुशार होत्या मावशी. त्यांचा मोर्णा नदीच्या काठी थोडा मळा होता, आणि बाजारात त्या मेथी, कोथिंबीर, पालक घेऊन बसायच्या. सगळा बाजारच त्यांना मावशी म्हणायचा. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "मावशी, तुम्हाला सही शिकायची आहे का?"

"सहीचं काय करू? अंगठा हाये ना माह्याजवळ," त्या म्हणाल्या. "मले येष्टीच्या पाट्या वाचाच्या हायेत."

त्यांची एकुलती मुलगी अचलपूरला दिलेली होती. अकोल्याहून तिकडे थेट जाणारी गाडी भल्या पहाटे, भाजी बाजारात उतरवण्याच्या वेळेला. म्हणून मावशींना अमरावतीला उतरून दुसरी गाडी धरावी लागायची. आदल्या वर्षी त्या कोणाच्या तरी सांगण्यावरून गाडीत बसल्या आणि थेट मोर्शीला पोचल्या. रात्र तिथल्या स्टँडवर काढली. तेव्हापासून मुलगा त्यांना एकटं जाऊ देत नव्हता, आणि सोबत जायला त्याला सवड नव्हती. आता मुलीला दिवस गेले होते. बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. चैतापर्यंत मावशींना वाचता यायला हवं होतं. दुसरी कुठलीच घाई त्यांना नव्हती.

त्यांच्यासाठी मी फळ्याचे कागद बदलले. डावीकडे नुसते आकडे, उजवीकडे गावांची नावं. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, दर्यापूर, मोर्शी, अचलपूर. मी म्हणायचो, "चार नंबर, मूर्तिजापूर." मग त्यांनी एक खिळा चारच्या स्क्रूला लावायचा आणि दुसरा मूर्तिजापूर शोधून तिथे ठेवायचा. मूर्तिजापूरला त्यांना वेळ लागायचा. अचलपूर त्या लांबूनच ओळखायच्या.

माघ सरता सरता शिक्षण खात्याचे एक अधिकारी वर्ग तपासायला आले. त्यांना फळा फार आवडला. "परीक्षा यावरच घेऊ," ते म्हणाले. प्रत्येकाने पाच शब्द शोधायचे, चार आले की पास. दोघांची परीक्षा झाली आणि वीज गेली. ही गोष्ट काही नवी नव्हती. मी बटण खाली ओढलं, कंदील पेटवला आणि अधिकाऱ्यांना कागद दिसावा म्हणून तो धरून उभा राहिलो. बॅटरीवर परीक्षा पुढे सुरू झाली. हमाल पास झाले, शिंपी पास झाला, पानठेलेवाला पास झाला. एकेक जण पुन्हा पुन्हा खिळा टेकवत होता, दिवा लागत होता. मावशी शेवटी होत्या.

त्यांचे पहिले दोन शब्द आले. दिवा लालसर लागला, पण लागला. तिसऱ्याला लागला नाही. चौथा होता अचलपूर. त्यांनी खिळा ठेवला. दिवा नाही. खिळा दाबून धरला. नाही. त्या थोड्या थांबल्या आणि खिळा उचलून दुसऱ्या शब्दावर ठेवला. मग तिसऱ्यावर.

"मावशी, हे काय भाजी नाई, उलटून-पालटून घ्याले," पानठेलेवाला म्हणाला. दोघं-तिघं हसले.

"राहू द्या बाई. पुढच्या खेपेला," अधिकारी मऊपणाने म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मावशींनी खिळे खाली ठेवले, पदर सारखा केला आणि निघून गेल्या. मी कंदील धरून दिव्याकडे पाहत होतो. त्यांचा हात कोणत्या शब्दावर आहे हे मी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी फळा तपासला. मनात शंका होती. बटण खाली ओढलं, बॅटरीवर दहाही जोड्या लावून पाहिल्या. दहाही वेळा दिवा लागला. म्हणजे मावशी चुकल्या होत्या. मला वाईट वाटलं, पण कुठेतरी बरंही वाटलं. माझा फळा नीट होता.

मावशी त्या दिवशी आल्या नाहीत. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेलो. त्या डब्यातलं पाणी ओंजळभर घेऊन कोथिंबिरीच्या जुड्यांवर मारत होत्या.

"मावशी, वर्गाला का येत नाही?"

"काहून येऊ जी मास्तर? तुमच्या दिव्यानं सांगतलं ना, बुढीले येत नाई म्हून."

"एकदा चुकलं म्हणून काय झालं?"

"मी चुकली नाई," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "अचलपूरवरच खिळा ठेवला व्हता मी. पैलांदा. मंग दिवा लागत नाई म्हणून मलेच वाटलं का मी चुकली. आता तर मले काईच सुचत नाई. काल हाटेलावरची पाटी वाचली, बरोबर का चूक कोणाले विचारू? माहा माह्यावरच भरोसा राह्यला नाई."

"मावशी, मी फळा तपासला. सगळ्या जोड्यांना दिवा लागतो."

"कवा पाहाला?"

"दुसऱ्या दिवशी. सकाळी."

मावशी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसल्या. हातातली जुडी त्यांनी माझ्यापुढे धरली. "हे पाहा. परवाची हाये. रातभर गोणपाटाखाली पडली, सकाळी पाणी मारलं. कशी दिसते?"

"ताजी."

"बाराले या. मान टाकते थे. सकाळी पाहून कोथिंबीर कोणी घेते काय? तुमी तर शिकेल-सवरेल माणूस."

शेजारची वांगीवाली म्हणाली, "मावशे, आपलाच माल काहून पाडून राह्यली?"

"मास्तर थोडीच घेऊन राह्यले. त्याइले फकस्त शिकवून राह्यली मी."

मी शाळेत आलो. मधल्या सुट्टीत दार लावून फळा पुढ्यात घेतला. बटण खाली ओढलं, एका जोडीला दोन्ही खिळे दोऱ्याने बांधून टाकले आणि घड्याळ समोर ठेवून बसलो. दिवा लख्ख होता. तीन मिनिटांनी पिवळा झाला. सहा मिनिटांनी नुसता लाल धागा उरला. आठ मिनिटांनी मी तळहातांचा आडोसा करून आत पाहिलं तेव्हा कुठे तो दिसला. कंदिलाच्या उजेडात तो कोणालाच दिसला नसता. मग मी खिळे सोडले आणि तास घेऊन परत आलो. दिवा पुन्हा लख्ख लागला.

कोरडी बॅटरी सतत चालवली तर थकते, विसावा दिला तर तात्पुरती सावरते, आणि जुनी असेल तर फार लवकर थकते. याचं कारण काय, यावर मी बी.एस्सी.ला आकृतीसह दीड पान उत्तर लिहिलं होतं. त्याला चांगले गुणही मिळाले होते. माझ्या पुढ्यात तेच घडत होतं, तरी भाजी बाजारातून शिकून आल्यावरच ते मला दिसलं.

दोन नव्या बॅटऱ्या आणायला मी रेडिओच्या दुकानात गेलो. फळ्याला बसवलेल्या बॅटऱ्या टॉर्चच्या नव्हत्या. गावोगावच्या टेलिफोनला असायच्या तशा तांब्याएवढ्या उंच, वर तार कसायच्या दोन पितळी चाव्या असलेल्या. दुकानदाराने दिव्याला लावून दाखवली. मी म्हटलं, दहा मिनिटं लावून ठेवा. तो बघतच राहिला. पाच मिनिटं झाल्यावर म्हणाला, "मास्तर, बॅटरी घेऊन राह्यले का पोरगी पाहून राह्यले?"

"पोरीला एवढं कोणी बसवत नाही," मी म्हटलं. दुसरी बॅटरीही मी तशीच दहा मिनिटं पाहिली.

बॅटऱ्या बदलणं सोपं काम असेल असं मला वाटलं होतं. ते तसं निघालं नाही. जुन्या बॅटऱ्या उत्तरांच्या बाजूला एका बंद कप्प्यात होत्या; तो बसवल्यापासून पहिल्यांदाच उघडला तर त्यांचे पुठ्ठे फुगून फाटले होते. आतला चिकट रस बाहेर येऊन पांढरी खपली धरली होती, आणि ती ओघळत कप्प्यातून जाणाऱ्या उत्तरांच्या तारांपर्यंत गेली होती. दोन तारा हात लावताच तुटल्या. त्यातली एक होती मावशींच्या तिसऱ्या शब्दाची, दुसरी अचलपूरची. म्हणजे त्या वाटांनी आधीच थकलेला करंट आणखी अडत होता. ज्या शब्दावर मावशींचा सगळ्यांत जास्त भरोसा, नेमकी त्याच शब्दाची तार कुजली होती.

मी आधी कागदावर दहाही आकड्यांपुढे त्यांची जोडी लिहून घेतली, कारण एकदा तारा विस्कटल्या की कोणता आकडा कोणत्या गावाचा हे फळ्याला आठवणार नव्हतं. मग चावीवर घासलेटचा थेंब टाकून ती सैल होईपर्यंत थांबलो. खपली चाकूने खरवडली, स्क्रू वाळूकागदाने घासले, कुजलेल्या तारा काढून नव्या टाकल्या. नव्या बॅटऱ्या जोडल्या. दिवा लागेना. पुन्हा सगळं तपासलं. शेवटी ध्यानात आलं की एक बॅटरी मी उलटी जोडली होती. दोघी एकमेकींना थोपवून बसल्या होत्या. ती फिरवली आणि दिवा लागला. मी तो दहा मिनिटं लावून ठेवला. तेवढा वेळ मी जागचा हललो नाही.

त्या संध्याकाळी वर्गात मी सगळ्यांपुढे सांगितलं की परीक्षेच्या दिवशी दिवा चुकला होता आणि त्याहून मी चुकलो होतो. मावशींनी अचलपूरवर बरोबर खिळा ठेवला होता. जुन्या बॅटऱ्या टेबलावर मांडल्या. माणसांनी त्या उचलून पाहिल्या, वास घेतला.

पानठेलेवाल्याने हातातली बॅटरी खाली ठेवली. मग म्हणाला, "मंग आमी पास झालो थे खरं का खोटं?"

"ते खरं," मी म्हटलं. "न लागणारा दिवा फसवू शकतो. लागलेला नाही."

"हे आधी सांगाचं ना," तो म्हणाला. "मी त्या बिचारीले काय काय बोललो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेलो तर तो माझ्याआधी तिथे पोचला होता. मावशींपुढे उकिडवा बसून मेथी निवडत होता. मी मावशींना सगळं सांगितलं, कुजलेली तारही दाखवली. त्यांनी ती बोटांत धरून पाहिली. तिचा तुकडा पडला.

"म्हंजे तुमी नापास," त्या म्हणाल्या.

"हो."

"अन् मी?"

"तुम्ही पास. पण साहेबांच्या कागदावर..."

"साहेबाच्या कागदाले आग लागो. मले थो कागद घेऊन येष्टीत बसाचं हाये काय?" त्यांनी तार फेकून दिली. "येईन मी वर्गाले. पण एक. रोज पैले तुमी खिळा लावाचा. सगळ्याइच्या समोर. तुमचा दिवा लागला तर मंग आमी."

मला ते पटलं. त्या दिवसापासून वर्गाची सुरुवात तशीच झाली. मी फळ्यापुढे उभा राहायचो आणि वर्ग मला शब्द घालायचा. बटण खाली, बॅटरीवर, वीज असली तरी. दिवा दहा मिनिटं लावून ठेवायचा, तोवर पाट्यांवर लिहिणं. माणसांना त्यात फार गंमत वाटायची. कधी मी मुद्दाम चुकीच्या शब्दावर खिळा ठेवला तर शिंपी म्हणायचा, "मास्तर, राहू द्या. पुढच्या खेपेला." माझ्या तोंडावर मला चूक म्हणता येतं हे कळल्यावर, माझ्या तोंडून चूक ऐकायलाही कोणाला जड जाईनासं झालं. पुढे पुढे फळ्याची गरजच कमी झाली. त्या अधिकाऱ्यांना मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. सरकारी कागदावर मावशी नापासच राहिल्या असतील.

फाल्गुनात एका शनिवारी दुपारी मी बडनेऱ्याला घरी निघालो होतो. अकोल्याच्या स्टँडवर मावशी भेटल्या. हातात गाठोडं, डिंकाच्या लाडवांचा डबा. मुलगा पोचवायला आला होता. मला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. "मास्तर, अमरावतीले एवढं आईले अचलपूरच्या गाडीत बसवून द्या," तो म्हणाला. मी हो म्हटलं. मावशी गाडीत चढून बसल्या.

माझा रस्ता बडनेऱ्यालाच संपत होता. मी उतरलो नाही, पुढे अमरावतीला गेलो. स्टँडवर उतरल्यावर मावशींनी गाठोडं काखेत घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी बसा त्या बाकावर."

मी बसलो. पाच गाड्या लागलेल्या होत्या. मावशी एकेका गाडीपुढे जाऊन उभ्या राहायच्या, मान वर करून पाटी पाहायच्या, ओठ हलायचे, मग पुढच्या गाडीकडे. चांदूर सोडली. मोर्शीपुढे त्या जरा जास्तच वेळ थांबल्या. पाचही गाड्या झाल्या. अचलपूरची पाटी कुठेच नव्हती.

माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिकडच्या गाडीला बहुतेक वेळा परतवाड्याची पाटी असायची. दोन्ही गावं एकमेकांना चिकटलेली, स्टँड परतवाड्याला; लेकीकडे जाताना मावशी तिथेच उतरत असणार. हे नाव मी फळ्यावर कधी लावलंच नव्हतं. चूक पुन्हा माझीच. मी उठलो. तोवर मावशी शेवटच्या गाडीपुढे परत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. बोटाने हवेत एकेक अक्षर धरत होत्या. प. र. त. पुढे थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी जागीच उभा राहिलो. पुढे जायचं की नाही ते मला ठरवता येईना.

तेवढ्यात कडेवर लेकरू घेतलेली एक बाई घाईने आली आणि मावशींना विचारू लागली, "आजी, मले अचलपूरले जाचं हाये, हे कोठची गाडी हाये व?"

मावशींनी पाटीवरची नजर काढली नाही. शेवटचं अक्षर पुरं करून घेतलं आणि मग तिच्याकडे वळल्या.

"परतवाडा लिवलं हाये," त्या म्हणाल्या. "चाल, बस."

त्यांनी तिला आधी चढू दिलं आणि मागून स्वतः चढल्या. मी बडनेऱ्याची गाडी शोधायला निघालो.